खेळलेलं कुठं राहतं?

उदगीरहून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा भर श्रावणात फोन आला. "घरच्या व्हिडिओ गेमला मेमरी कार्ड कोणतं घ्यावं, यावर दोनेक हजार शब्द द्या. पण टेक्निकल काही नको. आमचा वाचक निवृत्त शिक्षक आहे, गेम खेळतो त्याचा नातू." या वाचकाला मी चांगला ओळखतो. भालकीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. असे गुरुजी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढतात, त्यातलं नखाएवढं कार्ड काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "किती जीबीचं घालू?" मी उलट विचारतो, "मशीन कोणतं, गुरुजी?" त्यांना वाटतं, याला भाव वाढवायचा आहे.

विचारावं मात्र लागतंच. काही मशीनं कार्डावर गेम ठेवतात. काही मशीनं कार्डावर तुम्ही खेळलेलं ठेवतात, म्हणजे कुठवर पोचलात, काय जिंकलात, संघात कुणाला घेतलं. आणि काही मशीनं गेम कार्डावर ठेवतात, पण खेळलेलं स्वतःच्या पोटात. पहिल्या जातीत कार्ड मेलं तर पैसे जातात. दुसऱ्या जातीत मेलं तर पोराची उन्हाळ्याची सगळी सुट्टी जाते. हे कळलं की कार्डाची निवड निम्मी झाली. जीबीचा आकडा फार नंतर येतो, आणि लोक सुरुवात तिथूनच करतात.

हा घोळ खरं तर आमच्याच धंद्यानं घातला. साध्या मोबाइलच्या काळात बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कुठंही जा, बसस्टँडसमोर 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी दिसायची. कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, चहा पिऊन येईपर्यंत भजनं, लावण्या, कन्नड सिनेमाची गाणी, कव्वाल्या सगळं भरून तयार. कार्ड बिघडलं तर नवं घ्या, परत भरा. त्या दिवसांनी लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं की कार्डात जे असतं ते दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्येही असतंच. म्हणून गेमचं मेलेलं कार्ड आणणारा माणूस आजही "तेवढं परत भरून द्या" म्हणतो. गेम एक वेळ मिळतील. ते भरून देणं कायद्यात बसतं का, हा वेगळा लेख होईल, आणि तो मी लिहिणार नाही. पण तुमच्या मुलानं जिंकलेल्या मालिका माझ्याकडं कुठून असणार?

जुन्या मशीनांत हा प्रश्नच नव्हता. नव्वदच्या दशकात आमच्या भागात जे 'टीव्ही गेम' आले ते जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला. कॅसेट खुपसायची, काँट्रा खेळायचं, लाइट गेली की पहिल्यापासून. मशीन काही लक्षात ठेवत नसे, त्यामुळं काही विसरतही नसे. मूळ कॅसेटांपैकी काहींच्या आत बारीक सेल असे आणि त्याच्या जोरावर 'झेल्डा'सारखा लांबलचक खेळ अर्धवट ठेवून झोपता येई. आमच्याकडच्या '९९९ इन १' कॅसेटमध्ये असा सेल मी पाहिलेला नाही.

१९९४ च्या डिसेंबरात सोनीचं पहिलं प्लेस्टेशन जपानात आलं. गेम सीडीवर होते आणि त्या सीडीवर मशीनला काही लिहिता येत नाही, म्हणून खेळलेलं ठेवायला वेगळं कार्ड दिलं. आकार १२८ केबी. त्यात ८ केबीचे सोळा खाने, एक यादीसाठी राखीव, पंधरा तुमचे. मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा आज त्यात मावणार नाही. २००० साली प्लेस्टेशन २ आलं आणि कार्ड ८ एमबीचं झालं. हे मशीन जगात पंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं. २०१३ च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं, पण औराद-कमलनगरकडच्या घरांत ते अजून चालतं. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीनं याच मशीनसाठी 'हनुमान: बॉय वॉरियर' हा गेम काढला, पूर्ण भारतात बनलेला पहिला म्हणून त्याचा गाजावाजाही झाला. आमच्या पोरांनी मात्र कॅनडातल्या कंपनीनं बनवलेलं 'क्रिकेट ०७' डोक्यावर घेतलं ते अजून खाली ठेवलेलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात औराद तालुक्यातले एक किराणा दुकानदार आणि त्यांचा आठवीतला मुलगा हेच मशीन घेऊन आले. चपटं प्लेस्टेशन २, काळं कार्ड, कंपनीचं नाव कुठंच नाही, वर मोठ्या अक्षरात '६४ एमबी'. मशीन चालू केलं की कार्डात एकच चौकोन दिसायचा आणि त्याखाली 'करप्टेड डेटा'. वडील म्हणाले, सेव्ह होत असताना लाइट गेली. मुलगा म्हणाला, लाइट आदल्या दिवशी गेली होती, त्या वेळी तर मशीन बंदच होतं. दोघं माझ्यासमोरच भांडायला लागले. कार्ड मी निरनिराळ्या मार्गांनी वाचून पाहिलं. यादी गेलेली, मजकुराचे तुकडे शिल्लक, पण कुठला कुणाचा याचा पत्ता नाही. त्यांना सांगितलं, येणार नाही. वडिलांनी विचारलं, "पैसे जास्त दिले तर?" मुलगा काहीच बोलला नाही. ते गेले, आणि मी अजून ठरवतोच आहे की मारलं कुणी, लाइटनं की कार्डानं.

इथं संपादकांचा नियम थोडा मोडतो.

या सगळ्या कार्डांत जी वस्तू असते ती फ्लॅश मेमरी, जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली. तिचा स्वभाव शाळेच्या पाटीसारखा आहे, फक्त एक अट जास्त: एक अक्षर बदलायचं असलं तरी पाटी पूर्ण पुसून सगळं नव्यानं लिहायचं. प्लेस्टेशन २ च्या ८ एमबी कार्डात पुसण्याचा सगळ्यांत लहान खाना ८ केबीचा. त्यात ५१२ बाइटची सोळा पानं, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी १६ बाइटची शेपटी, जिच्यात चूक शोधण्याचं आणि किरकोळ चूक दुरुस्त करण्याचं गणित असतं. मुलानं सेव्ह दाबलं की मशीन खाना पुसतं, परत लिहितं, मग यादीतली नोंद बदलतं. पुसणं आणि लिहिणं यांच्यामध्ये लाइट गेली तर जुनं गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. यादीचं पान त्यात सापडलं तर बाकी मजकूर शाबूत असूनही सापडत नाही. 'सेव्ह होत असताना मशीन बंद करू नका' अशी सूचना पडद्यावर येते ती यासाठी. ती इंग्रजीत असते, आणि जाणारी लाइट ती वाचत नाही.

सोनीनं हा धोका ओळखला होता. कार्डाच्या मूळ रचनेतच राखीव खाने आहेत, पुसण्याआधी मजकूर तिथं सुरक्षित ठेवायचा म्हणून. हे सगळं नीट पाळणारं कार्ड लाइटचा एखादा फटका सोसतं. आता स्वस्त ६४ एमबीवाला हे पाळतो का? जहीराबादला माझा एक मित्र हीच कार्डं ठोक विकतो. त्याचं म्हणणं, कार्डावरच्या पहिल्याच पानात आकार लिहायला जागा आहे, म्हणजे मोठं कार्ड चालावं हे करणाऱ्यांनीच धरलं होतं. तू उगाच लोकांना घाबरवतोस, असं तो मला म्हणतो. पहिल्या पानाबद्दल तो खरं बोलतो. पण गेम बनवणाऱ्यांनी आपले गेम तपासले ते सोनीच्या ८ एमबी कार्डावर. त्याहून मोठ्या कार्डावर कोणता गेम रुसेल याची हमी कुणीच घेतलेली नाही. आणि माझा खरा आक्षेप आकारावर नाहीच. नाव नसलेल्या कार्डाच्या पोटात कुठल्या दर्जाची चिप बसवली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चांगल्या कारखान्यानं नापास केलेल्या चिपाही बाजारात येतात, आणि त्या कुठं तरी बसतातच. यावर आमचं फोनवर अनेकदा वाजलं आहे. तो म्हणतो, "तुझ्याकडं फक्त मेलेली कार्डं येतात, जिवंत कार्ड कोण दाखवायला आणतं?" याला माझ्याकडं उत्तर नाही. औरादच्या कार्डाबद्दल तर मुळीच नाही, कारण लाइटनं मारलेलं आणि चिपनं मारलेलं कार्ड मला बाहेरून सारखंच दिसतं.

तरीही माझा सल्ला तोच आहे. एका ६४ पेक्षा दोन ८ घ्या. मशीनला कार्डाच्या दोन खाचा उगाच दिलेल्या नाहीत. डिस्क न घालता मशीन चालू केलं की कार्डांचा पडदा येतो, तिथून एका कार्डावरचं दुसऱ्यावर कॉपी होतं. मोजके गेम कॉपी करू देत नाहीत, पण बहुतेक देतात. महिन्यातून एकदा रविवारी हे केलं तर मला भेटायची वेळ येणार नाही. दुसरं, मशीन चालू असताना कार्ड ओढू नका. तिसरं, कुणी पहिल्या प्लेस्टेशनचं जुनं कार्ड स्वस्तात देत असेल तर ते दुसऱ्याच्या गेमला चालत नाही, खाचेत बसत असलं तरी. आणि कॉम्प्युटरला लावतात तो छोटा यूपीएस गेमलाही लावता येतो. हे सांगितलं की लोक हसतात. टीव्हीला स्टॅबिलायझर घेताना हसले नव्हते.

सध्या दुकानात जास्त येते ती गेम स्टिक. टीव्हीच्या मागे खुपसायची, दोन बिनतारी कंट्रोलर, आणि खोक्यावर 'दहा हजार गेम, ६४ जीबी'. गुरुजींना वाटतं, दहा हजार गेम म्हणजे केवढं कार्ड लागत असेल! हिशेब करू. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा मूळ गेम फक्त ४० केबीचा आहे. काँट्रा १२८ केबीचा. दहा हजार मारिओ भरले तरी ४०० एमबी होतात. जागा खातात ते पहिल्या प्लेस्टेशनचे गेम, कारण त्यांची एकेक सीडी साडेसहाशे-सातशे एमबीपर्यंत जाते, आणि तसे गेम यादीत थोडेच असतात. त्यातून एकच गेम चार नावांनी भरलेला असतो. तेव्हा स्टिकसाठी १२८ की २५६ हा प्रश्न बहुधा निरर्थक आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. या स्टिकमध्ये सगळ्यांत आधी मरतं ते सोबत आलेलं बिननावाचं कार्ड, आणि बऱ्याच स्टिकांत गेम आणि सेव्ह दोन्ही त्याच्यावरच असतात. स्टिक आणली की ते कार्ड काढायचं, कॉम्प्युटरवर त्याची पूर्ण नक्कल करून ठेवायची, आणि ती नक्कल नावाजलेल्या कंपनीच्या कार्डावर उतरवून तेच वापरायचं. नुसत्या फाइली ओढून नेल्या तर पुष्कळदा स्टिक सुरूच होत नाही, कारण कार्डाचे आत निरनिराळे भाग पाडलेले असतात आणि विंडोजला त्यातला एकच वाचता येतो. बाकीचे भाग 'फॉरमॅट करू का?' असं विंडोज विचारतं. त्याला 'हो' म्हणून मग माझ्याकडं येणारे बरेच आहेत.

नकली कार्डांबद्दल लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. चारशे रुपयांत १ टीबी, असं कार्ड घेऊन लोक येतात आणि मोबाइलमध्ये दाखवतात, बघा, १ टीबीच येतंय. येणारच. या नखाएवढ्या वस्तूच्या आत मेमरीच्या जोडीला एक छोटा कॉम्प्युटरही असतो, आणि 'मी एवढं आहे' हे तो सांगतो. त्याला खोटं बोलायला शिकवता येतं. प्रत्यक्षात आत ८ किंवा १६ जीबी असतात. तेवढे भरेपर्यंत सगळं छान चालतं. पुढं लिहिलेलं कधी हवेत जातं, कधी आधीच्या मजकुरावरच पडतं. फाइलचं नाव दिसतं, आत काही नसतं. अमेरिकन हार्डवेअर अभियंता अँड्र्यू 'बनी' हुआंग यानं आपल्या कारखान्यात आलेल्या संशयास्पद कार्डांचा माग काढला आणि २०१० साली त्यावर लिहिलं; कार्डाच्या आत नोंदलेले ओळख-क्रमांक तपासले, आम्लात प्लास्टिक विरघळवून आतल्या चिपाही पाहिल्या. २०१३ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गच्या एका परिषदेत त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं कार्डातल्या त्या छोट्या कॉम्प्युटरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. तेव्हापासून मी कार्डावरच्या छपाईवर विश्वास ठेवणं सोडलं.

तपासायचा मार्ग एकच: कार्ड काठोकाठ भरायचं आणि भरलेलं परत वाचून ताडायचं. एका जर्मन मासिकानं दिलेला 'एच२टेस्टडब्ल्यू' हा छोटा प्रोग्रॅम विंडोजवर हे फुकट करतो, लिनक्सवर 'एफ३' आहे. सेकंदाला १० एमबीच्या वेगानं ६४ जीबी लिहायला पावणेदोन तास लागतात, वाचायला वेगळे. गिऱ्हाईक दहा मिनिटांच्या वर थांबत नाही. आणि खरं कार्डही ६४ चं घेतलं तर विंडोजवर ५९.६ दिसतात, तेव्हा मात्र "चार जीबी चोरले" म्हणून भांडतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढीच ती भानगड आहे. चारशेत १ टीबी देणाऱ्याशी मात्र कुणी भांडत नाही.

कार्डावरच्या खुणांबद्दलही थोडं. गोलातला १०, यू३, व्ही३० हे सगळे कॅमेऱ्यासाठी आहेत: सलग लिहिताना वेग अमुकच्या खाली जाणार नाही याची हमी. यू३ आणि व्ही३० म्हणजे सेकंदाला ३० एमबी. गेम सलग लिहीत नाही, तो इकडचं-तिकडचं बारीक बारीक वाचतो. त्यासाठीची खूण ए१ आणि ए२. ए१ म्हणजे सेकंदाला निदान १५०० बारीक वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. पण ए२ चा पूर्ण फायदा मशीनची तयारी असेल तरच मिळतो, आणि स्टिकांमध्ये ती असेल अशी आशा मी धरत नाही. खात्रीच्या कंपनीचं, बिलासहित घेतलेलं ए१ पुरे.

आखातात नोकरीला असलेल्या मामा-काकांकडून निन्टेन्डोचा स्विचही आमच्याकडं येतो. २०१७ चा. त्याचं पोट ३२ जीबीचं, त्यामुळं कार्ड लागतंच, पण कार्डावर जातात ते गेम. खेळलेलं मशीनच्या आतच राहतं. तिथं कार्ड मेलं तर रडू नका, गेम परत उतरवा. उलट मशीन बदलून नुसतं कार्ड नव्यात घातलं तर खेळलेलं सोबत येत नाही, आणि मग दुकानदारानं पुसलं असा संशय येतो. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला. त्याला गेमसाठी फक्त 'मायक्रोएसडी एक्स्प्रेस' जातीचं कार्ड चालतं. घरातलं साधं कार्ड त्यात बसतं, पण त्यावरून जुने फोटो-व्हिडिओच बघता येतात. दुबईहून कुणी येणार असेल तर कार्डाची जात लिहून पाठवा, आकार नंतर. प्लेस्टेशन ५ ला तर असलं कार्डच नाही. आत एम.२ नावाची मेमरीची पट्टी बसवतात, ती गेमसाठी, आणि त्याच्या स्वतःच्या गेमांचं खेळलेलं सुटं काढून पेनड्राइव्हवर नेता येत नाही. पैसे भरून कंपनीच्या 'क्लाउड'मध्ये, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरांवर ठेवायचं, नाहीतर मशीनला जपायचं.

उन्हाचंही सांगायला हवं. फ्लॅशमध्ये मजकूर म्हणजे पिंजऱ्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन, आणि उष्णतेनं ते लवकर सुटतात. जुनं, घासून वापरलेलं कार्ड कलबुर्गीच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कपाटावर पडून राहिलं तर पावसाळ्यात त्यातलं सगळं जागेवर असेल याची हमी मी देणार नाही. सुट्टी संपली की कार्ड काढून ठेवतात, ते नेमकं तिथंच.

कार्ड तपासून देण्याचे मी पन्नास रुपये वेगळे घेतो. गाणी भरायचे पैसे खुशीनं देणारी माणसं यावर घासाघीस करतात, कारण तपासून दिलेल्या कार्डात नवं काही दिसत नाही. त्यातल्या त्यात गुरुजी लोक देतात. पेपर तपासलेले असतात म्हणून असेल.

राहिला स्टिकच्या नकलेचा एक बारकावा. ६४ जीबीच्या कार्डाची पूर्ण नक्कल काढली आणि ती दुसऱ्या कंपनीच्या ६४ वर उतरवायला गेलात, तर पुष्कळदा शेवटच्या टप्प्यावर 'जागा कमी पडते' असं येतं. दोन्ही कार्डं खरी असतात, पण एका कंपनीचे ६४ दुसरीच्या ६४ पेक्षा काही एमबींनी कमी भरतात, आणि नक्कल एक बाइटही सोडायला तयार नसते. एवढ्या एका कामासाठी गुरुजींनी १२८ चं घ्यावं.